वाकड्या झाडाचं तेल

प्रयोगशाळेत तिला सगळे सुई म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच सुखात होतं. या टोपणनावाला कारणं दोन. एक तिचं काम. तेलाचा थेंबभर नाही, थेंबातलाही कणभर भाग काचेच्या बारीक सुईत ओढायचा आणि यंत्राच्या तोंडात टोचायचा, दिवसभर हेच. दुसरं तिचं बोलणं. नव्या मुलीने बाटलीचं झाकण उघडं टाकलं तर ही ओरडायची नाही. "राहू दे उघडं, तेलालाही जरा हवा खाऊ दे," एवढंच म्हणायची, आणि त्या मुलीचे कान संध्याकाळपर्यंत लाल राहायचे.

प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर होती, खाली चपलांचं दुकान. जिन्यात रबराचा वास, आणि वर दार उघडलं की शंभर वासांची खिचडी. भिंतीला साखळीने बांधलेली गॅसची उंच सिलिंडरं, खिडकीपाशी बाटल्यांची फळी, आणि मधल्या टेबलावर सुईचं लाडकं यंत्र. त्याला सगळे जीसी म्हणत. दिसायला ते भल्यामोठ्या ओव्हनसारखं, आणि आत खरोखरच ओव्हन. त्या ओव्हनमध्ये केसाएवढी बारीक नळी वेटोळं करून ठेवलेली. उलगडली असती तर खिडकीतून निघून समोरच्या न्हाव्याच्या दुकानापर्यंत गेली असती.

तेल तिथे टोचलं की त्याची वाफ होते आणि वाफ नळीतून पळत सुटते. पण तेल ही काही एकच वस्तू नव्हे. एकट्या निलगिरीच्या तेलात पाचपन्नास द्रव्यं गुण्यागोविंदाने नांदत असतात, आणि नळीत शिरली की प्रत्येकाचा स्वभाव कळतो. कुणी सुसाट, कुणी रेंगाळणारं. दुसऱ्या टोकाला जो तो आपापल्या वेळेला बाहेर पडतो आणि पडद्यावर एक सुळका उमटतो. आधी पायनीन, रंगाऱ्याच्या टर्पेंटाइनच्या वासाचं. मग फेलँड्रीन, थोडं मिरीकडे झुकणारं. मग लिमोनीन, संत्र्याच्या सालीचं. आणि त्याच्या पाठोपाठ सिनिओल. निलगिरीचं फडकं नाकाशी धरल्यावर जो थंड झोत छातीपर्यंत उतरतो, तो याचा. औषधाला तोच लागतो. बाकीचे सगळे वऱ्हाडी.

हे सगळं सुई शिकली कॉलेजात, पण त्या वासात ती वाढली होती मामाकडे. तिची आई इस्पितळात परिचारिका. पाळी आज दिवसाची तर उद्या रात्रीची, म्हणून शाळेपुरतं हिला भावाकडे ठेवलं, आणि ठेवलेली ती कॉलेजला जाईपर्यंत परत नेलीच नाही. मामाला मूलबाळ नव्हतं. त्याच्याकडे होती निलगिरीची एक राई आणि राईच्या कडेला तेलाची भट्टी. मोठ्या लोखंडी पिंपात पाला दाबून भरायचा, खालून वाफ सोडायची, वाफ पाण्याच्या टाकीतून जाणाऱ्या नळीत थंड करायची. काचेच्या भांड्यात पाणी खाली बसतं आणि तेल वर तरंगतं. छोटी सुई तासन् तास त्या भांड्यासमोर बसून असे. मामा म्हणायचा, "बघून बघून तेल वाढत नाही गं." पण तोही शेजारी बसून तेच करत असे.

ते तेल वर्षानुवर्षं एकाच मलमाच्या कारखान्यात जात होतं. कारखान्याची अट एकच: तेलात सिनिओल निदान सत्तर टक्के हवं. पूर्वी ही तपासणी कारखान्यातले लोक वास घेऊन, फार तर बाटली हलवून करत. मग तिथे नवा साहेब आला आणि त्याने सगळे नमुने प्रयोगशाळेकडे पाठवायला सुरुवात केली. बाटलीवर पुरवठा करणाऱ्याचं नाव नसे, नुसता क्रमांक.

असाच एक क्रमांक सुईने एका सकाळी टोचला. सिनिओल आलं बासष्ट. फेलँड्रीन मात्र हे एवढं. तिने बासष्ट लिहिलं, सही केली आणि पुढची बाटली उचलली.

दोन दिवसांनी मामीचा फोन आला. "अगं, कारखान्याने तेल परत पाठवलं. सगळी पिंपं अंगणात उभी आहेत. म्हणे बासष्टच आहे. हे कोण गं मेलं बासष्ट लिहिणारं?"

 सुईने खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "मीच," ती म्हणाली.

मामा आधी रागावला नाही. उलट त्याला हायसं वाटलं, म्हणजे मामला घरातलाच आहे. यंत्र बिघडलं असेल, तू पुन्हा लाव, म्हणाला. सुईने स्वतः पिंपातून नवी बाटली भरून नेली, यंत्र आधी ओळखीच्या नमुन्यावर पारखून घेतलं, मग मामाचं तेल दोनदा लावलं. बासष्टच आलं. रविवारी ती ते सांगायला गेली.

"आठच कमी आहेत ना?" मामा म्हणाला. "लिहून टाकायचे. तेल काय उठून तक्रार करणार आहे?"

"मामा, लोक ते औषध म्हणून छातीला चोळतात."

"माझंच चोळतायत इतकी वर्षं. कुणाला काय झालं?"

"मी नाही लिहिणार."

"दुसऱ्या कुणाचं लिहू नकोस. माझं म्हणतोय मी."

"तुझं तर मुळीच नाही."

त्या दिवसापासून मामाने तिच्याशी बोलणं सोडलं. बोलणं सोडलं म्हणजे काय, तर तिच्यासमोर बसून मामीमार्फत बोलू लागला. "तिला म्हणावं, चहा गार होतोय." मामी म्हणायची, "अहो, तिच्या हातात कप आहे, ती पितेच आहे." "मग तिला म्हणावं, साखर लागली तर घे." मधल्या मध्ये मामीचा जीव मेटाकुटीला आला. सुई वरवर हसायची, पण परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसायची. ज्याने तिला सायकल शिकवताना स्वतःचे गुडघे फोडून घेतले होते तो माणूस तिच्याकडे बघत नव्हता, आणि याला कारण तिच्या हातचा एक आकडा होता. तो आकडा खरा होता, याने दुःख काही कमी होत नव्हतं.

अडकलेलं तेल मामाने फरशी पुसायचं औषध करणाऱ्याला पडत्या भावात देऊन टाकलं. पुढच्या खेपेचंही तेच झालं. मग एक दिवस लाकूडवाला आला. हा कागदाच्या गिरणीला झाडं पुरवायचा. गोड बोलणारा, गळ्यात कायम मोजायची टेप. तो राईभर फिरला, एकेका बुंध्याला टेप लावली आणि खडूने क्रमांक घालत गेला. मामा त्याच्या मागून हात पाठीला बांधून चालत होता. राईतलं सगळ्यात देखणं झाड आलं तसा लाकूडवाला थांबला. या झाडाला घरात पहिलवान म्हणत. सरळसोट बुंधा, पाल्याचा हा भार. "याच्यासारखी आणखी आहेत का?" लाकूडवाल्याने विचारलं, आणि मामाने हात फिरवून सगळी राई दाखवली.

भट्टीच्या मागे एकच झाड असं होतं की ज्याला त्याने टेप लावली नाही. ते म्हणजे वाकड्या. लहानपणीच वाऱ्याने आडवा झालेला, पाला जेमतेम, साल सोलवटलेली. मामाला तो पहिल्यापासून डोळ्यांत खुपायचा. दरवर्षी तो कुऱ्हाड घेऊन जायचा आणि दरवर्षी मामी आडवी यायची, कारण तिची कपडे वाळत घालायची दोरी एका बाजूने स्वयंपाकघराच्या गजाला आणि दुसऱ्या बाजूने वाकड्याला बांधलेली होती.

मामी संध्याकाळी फोनवर हे सगळं सांगत होती आणि सांगता सांगता रडायला लागली. "झाडं गेली की हा माणूस करणार काय गं? सकाळी उठून जाणार कुठे?"

सुई दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंसमोर जाऊन उभी राहिली. मोठ्या बाई कडक, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. सुईने विचारलं, सुट्टीच्या दिवशी यंत्र वापरू का, घरचं काम आहे. राईतल्या तेलाचा एकच आकडा येतो, कारण मामा सगळ्या झाडांचा पाला एका पिंपात कोंबतो. पण तो आकडा कुठल्याच झाडाचा नसेल. मला एकेक झाड वेगळं बघायचं आहे.

"आणि बघून?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"ते बघितल्यावर कळेल."

"हे उत्तर मुलाखतीत दिलं असतंस तर मी तुला घेतलं नसतं," मोठ्या बाई म्हणाल्या आणि किल्ली टेबलावर सरकवली. "काच तूच धुवायचीस. आणि सिलिंडर नीट बंद कर."

मग सुरू झाले पाल्याचे रविवार. सुई सकाळच्या बसने येई. शिडीवर चढून मामीच्या आकडीच्या काठीने प्रत्येक झाडाची मधल्या उंचीवरची चार पानं पाडायची, कागदी पिशवीत घालायची आणि पिशवीवर क्रमांक लिहायचा. क्रमांक आयते मिळाले. लाकूडवाल्याने झाडं तोडायला घातलेले खडूचे आकडे तिने जसेच्या तसे उचलले. मामा भट्टीपाशी बसून हे बघायचा आणि मामीला म्हणायचा, "तिला म्हणावं, शिडी हलतेय," आणि म्हणता म्हणता स्वतःच उठून शिडी धरायचा, तोंड दुसरीकडे करून.

प्रयोगशाळेत ती पानं कात्रीने बारीक कातरायची, इवल्या बाटलीत द्रावणात भिजवायची आणि त्यातला कण सुईने उचलायची. झाडामागून झाड. पहिल्याच दिवशी तिला कळलं की आपण एका नव्हे, अनेक निलगिऱ्यांत लहानाच्या मोठ्या झालो. तोच वास, तीच पानं, तीच जात, आणि आतलं तेल निरनिराळं. एका झाडाचं सिनिओल ऐंशीला टेकलेलं, तर शेजारच्याचं निम्म्यावर, आणि मधली जागा फेलँड्रीनने पाय पसरून बळकावलेली. सख्खी भावंडं एका घरात वाढून वेगळी निघावीत तसं. पहिलवानाचा कागद बाहेर आला तेव्हा तिने तो दोनदा पाहिला, मग सुई बदलून पुन्हा लावला. सिनिओल चाळीसच्या आत. आणि नवी, जोमदार, मामाच्या कौतुकाची झाडं एकामागोमाग एक पहिलवानाच्याच वळणावर गेलेली.

तिने मामीला सहज विचारलं, जुनी झाडं मरतात तिथे नवी येतात ती कुठून. मामी म्हणाली, "कुठून म्हणजे? तुझा मामा बी वेचतो. पहिलवानाचं. सगळ्यात जास्त पाला त्याला, म्हणून पोरंही तशीच होणार. दरवर्षी वेचतो, डबीत ठेवतो, स्वतः रुजवतो."

सुईने कपाळाला हात लावला. मामाने वर्षानुवर्षं, मनापासून, निवडून निवडून, आपल्या राईत कमी सिनिओलची झाडं भरली होती. जास्त पाला म्हणजे जास्त तेल, हा त्याचा हिशेब, आणि तेल जास्त निघतही होतं. त्या तेलाचा पोत मात्र दर वर्षाला थोडा थोडा बदलत गेला. इतका हळू की रोज वास घेणाऱ्यांना काही कळलंच नाही. कारखान्याला नाही, मामाला नाही आणि तिलाही नाही.

शेवटच्या रविवारी पिशव्या भरून झाल्यावर मामी म्हणाली, "आणि माझ्या वाकड्याला काय केलंय? तो काय झाड नाही?"

"त्याला क्रमांक नाही गं."

"मग नावाने लिही."

सुईने मामीचं मन राखायला चार पानं घेतली.

पुढच्या रविवारी तिने दोन कागद मामासमोर चौकीवर पसरले. कागदांवर नावं नव्हती, नुसते सुळके. एकावर ठेंगणेठुसके पुष्कळ. दुसऱ्यावर एकच सुळका, कागदाच्या वरच्या कडेला भिडलेला, आणि त्याच्या पायाशी बारीकसारीक गवत. मामाने दोन्ही कागद जवळ ओढले. मग त्या उंच सुळक्यावर बोट ठेवून, मामीला मध्ये न घेता, थेट सुईला म्हणाला, "हे पहिलवानाचं."

"नाही मामा. ते वाकड्याचं. ब्याऐंशी आहे. राईत त्याच्याएवढं कुणाचंच नाही."

"आणि पहिलवान?"

तिने दुसऱ्या कागदाकडे बघितलं, आणि मामाला कळलं. तो उठून बाहेर गेला. मामी म्हणाली, "जाऊ दे, येईल." जेवायच्या वेळेला आला, हात धुतले, पानावर बसला आणि ताटाकडे बघत म्हणाला, "बी मीच वेचलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. एवढा गाढव मी."

सुईला वाटलं होतं की आपण बरोबर ठरलो की बरं वाटेल. तिला अजिबात बरं वाटलं नाही. ती म्हणाली, "तू पाल्यासाठी बी वेचलंस आणि पाला मिळाला. झाडांनी तुझं ऐकलं, मामा. त्यांना सिनिओल हवंय असं तू सांगितलंच नव्हतंस, कारण तुला ते कुणी दाखवलं नव्हतं. मी तर याच अंगणात वाढले, शिकून आले, माझ्याही नाकाला कळलं नाही."

"पहिलवानाला नावं ठेवायची नाहीत पण," मामा म्हणाला आणि जेवू लागला. मामीने सुटकेचा निःश्वास टाकला. निरोप पोचवण्याच्या नोकरीतून तिची सुटका झाली होती.

त्याच आठवड्यात मामाने चांगल्या निघालेल्या मोजक्या झाडांचा पाला वेगळा भरला. तेल पंच्याहत्तर आलं. कारखान्याने ते घेतलं आणि आणखी आहे का विचारलं. आणखी नव्हतं. म्हणजे हवी होती वाकड्यासारखी झाडं, आणि तीही राईभर.

बी लावून भागणार नव्हतं. बी म्हणजे अर्धं आईचं, आणि उरलेलं अर्धं मधमाश्यांनी कुठून आणलं देव जाणे. या राईत बाप कोण असणार ते सांगायला नको. सुई रोपवाटिकेच्या बाईंकडे गेली. त्यांनी सांगितलं की झाड हुबेहूब तसंच हवं तर फांदीच रुजवायला लागते. पण निलगिरीच्या जुन्या फांद्या रुजत नाहीत. झाड बुडापासून कापायचं, खोडाला नवे कोंब फुटतात, ते कोवळे कोंब रुजतात. "आणि कोंब फुटलेच नाहीत तर?" सुईने विचारलं. बाई म्हणाल्या, "जून झाड आहे, कधी कधी नाही फुटत. मग गेलं."

म्हणजे राईतलं सगळ्यात मोलाचं झाड कापायचं, आणि ते परत येईल याची खात्री कुणीच देणार नाही. सुईने हे घरी सांगितलं. जो मामा दरवर्षी कुऱ्हाड घेऊन वाकड्यावर धावून जायचा, तोच आता म्हणाला, "नको. आहे तेवढा राहू दे." आणि जी मामी दरवर्षी आडवी यायची, ती म्हणाली, "अहो, कपडे काय, कुठेही वाळतात. कापा."

मामाने चार दिवस घेतले. लाकूडवाल्याला निरोप दिला की पहिलवान आणि त्याची पोरं घेऊन जा, बाकीचं नंतर बघू. पहिलवान पडला त्या दिवशी मामा घरातून बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःच करवत घेऊन वाकड्यापाशी गेला. मामीने दोरी सोडली. पहिला ओढा घ्यायच्या आधी मामाने सुईला हाक मारली आणि करवतीचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं. तो म्हणाला, "सरळ ओढ. घाई करू नकोस." झाड वाकडं होतं, पण पडलं सरळ. खोडातून थंड वास आला. मामा बुंध्यावर हात ठेवून उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते त्याने वासावर ढकललं.

खोड बरेच दिवस ठणठणीत कोरडं राहिलं. मामा सकाळ-संध्याकाळ जाऊन बघायचा. लाकूडवाला उरलेल्या झाडांसाठी अधूनमधून चक्कर टाकायचा आणि खोडाकडे बघून चुकचुकायचा. मामी त्याला चहा द्यायची, पण बस म्हणायची नाही. मग एका सकाळी सालीच्या भेगेतून तांबूस ठिपके वर आले. मामाने फोन केला तेव्हा सुई यंत्रात नमुना टोचत होती. "फुटला," मामा म्हणाला आणि फोन ठेवून दिला. सुईने तो नमुना वाया घालवला. तिच्या नोकरीत असं पहिल्यांदाच झालं होतं, आणि मोठ्या बाईंनी ते बघूनही न बघितल्यासारखं केलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. कोंबांच्या पहिल्या खेपेतले निम्म्याहून जास्त तुकडे सडले. ओल जास्त झाली, मग ऊन जास्त झालं, मग मुंग्या आल्या. रोपवाटिकेच्या बाईंनी दोनदा येऊन मामाला झापलं, आणि मामाने ते ऐकून घेतलं, हेच मामीला सगळ्यात नवल वाटलं. पण तुकडे रुजत गेले, पहिलवानाच्या रिकाम्या जागी लागत गेले. सगळी रोपं एकसारखी, आणि सगळी थोडी वाकडी. मामा त्यांना काठ्या बांधत हिंडायचा. त्याने घरात जाहीर केलं होतं, "यांच्या तेलाला सत्तर आलं तर राई ठेवायची. नाही आलं तर लाकूडवाल्याला सगळं देऊन मोकळं व्हायचं. मला आता आशेवर ओढत नेऊ नका."

पहिल्या वर्षी सुईने कोवळी पानं लावून बघितली. एक्कावन्न. तिने मामाला सांगितलं की कोवळ्या पानात कमीच असतं, पान जून झालं की सिनिओल चढतं. मामा म्हणाला, "बघू." त्या 'बघू'वर सुईने पुढचं सगळं वर्ष काढलं.

दुसऱ्या वर्षी वाकड्याच्या पोरांचा पाला पहिल्यांदाच भट्टीत घालण्याएवढा झाला. तेल निघालं आणि मामा म्हणाला, बाटली मी घेऊन येतो. तो प्रयोगशाळेत कधीच आला नव्हता. इस्त्रीचा शर्ट घालून, जिन्यात दोनदा थांबत, बाटली रुमालात गुंडाळून आला. मोठ्या बाईंनी त्याला खुर्ची दिली. सुईने सुई धुतली, तेल ओढलं आणि टोचलं. "आता?" मामाने विचारलं. "आता थांबायचं," ती म्हणाली.

पडद्यावर रेघ सपाट चालली होती. पायनीन आलं, गेलं. फेलँड्रीनच्या जागी एक टेंगूळ आलं आणि मावळलं. मामा खुर्चीच्या कडेला आला. लिमोनीन. मग रेघ वर निघाली, आणि वर, आणि वर, आणि मामाच्या तोंडून काहीतरी पुटपुटणं बाहेर पडलं. सुळका उतरला, यंत्राने हिशेब केला आणि आकडा दाखवला. सदुसष्ट.

सुई त्या आकड्याकडे बघत राहिली. तीनच कमी. आयुष्यात तिने एकदाही आकडा वाढवला नव्हता. पण त्या क्षणी, मामा शेजारी बसलेला असताना, तिच्या मनात आलं की तीन म्हणजे काय मोठंसं, सुई टोचायच्या झटक्याने एवढा फरक पडतो, आणि एक सत्तर लिहिलं तर ही झाडं वाचतात. तिने पेन उचललं.  कागदावर तिने सात हा आकडा काढला आणि तिथेच थांबली.

मामाने पडद्यावरचा आकडा वाचला होता. आकडे त्यालाही येत होते. त्याने हात पुढे करून तिच्या हातातलं पेन काढून घेतलं, तो सात खोडला आणि पेन तिला परत दिलं.

"जे आलं ते लिही," तो म्हणाला.

"मामा, सत्तर नाही आलं."

"दिसतंय मला. गेल्या वर्षी किती होतं?"

"एक्कावन्न."

"मग झालं तर. पोरं आहेत अजून."

तिने सदुसष्ट लिहिलं आणि खाली सही केली. सही करताना तिला रडू आलं, आणि ते तिने लपवलं नाही. मोठ्या बाई खिडकीतून खालच्या रस्त्यात भलताच रस घेऊ लागल्या. मामाने खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर चढवून क्रमांक शोधला आणि कानाला लावला. लाकूडवाल्याने पहिल्याच घंटीला उचलला.

"हो, तपासून झालं," मामा म्हणाला. "सदुसष्ट... हो, सत्तरला कमीच... नाही, नाही, तुम्ही येऊ नका. तेच सांगायला फोन केलाय."